बाहुला तोच, लक्ष्या नाही

‘झपाटलेला’ हा चित्रपट 1993 चा आणि ‘झपाटलेला 2’ 2013 चा. दोन्हींचे दिग्दर्शक महेश कोठारे, बाहुलाही तोच: शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू. तरीही दुसऱ्या भागाचा विषय निघाला, की जिंतूरपासून मुंबईपर्यंत चाहत्यांचे दोन तट पडतात.

नाराजांचं दुखणं एकच, लक्ष्या. पहिल्या भागात लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये गेले आणि दुसऱ्या भागात लक्ष्याच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. पहिल्या भागात बाहुला जिवंत वाटायचा तो बेर्डे यांच्या घाबरण्यामुळे. डोळे विस्फारलेले, जीभ अडखळलेली, आणि तात्या जिवंत आहे हे कुणी मानायलाच तयार नाही! ती भीतीतून उसळणारी धमाल पुन्हा जमली नाही, ही तक्रार रास्तच आहे.

समर्थकांचा भर दुसऱ्या भागाच्या थ्रीडीवर. ‘धडाकेबाज’मधून 1990 मध्ये मराठीत सिनेमास्कोप आणणाऱ्या कोठारेंनी इथे बाहुल्याला थेट प्रेक्षकांच्या अंगावर सोडलं. चष्मा लावून थिएटरात बसलेल्या पोरांना ते भावलं. पण ज्यांनी हा चित्रपट घरी टीव्हीवर पाहिला, त्यांच्या वाट्याला ही गंमत आलीच नाही. मतभेदाचं हे कारण सहसा कुणी लक्षात घेत नाही.

दुसऱ्या भागातल्या मकरंद अनासपुरेंच्या मराठवाडी बोलीवर मात्र परभणीकडे फारसा वाद नसावा. आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या तात्यावर तर कुठेच नाही.