उड्डाणानंतरचा मारुती

चैत्री पौर्णिमेस सूर्योदयापूर्वी हनुमज्जन्माचे कीर्तन उभे राहते, आणि आम्ही कीर्तनकार शंभर योजनांचे ते समुद्रोल्लंघन मोठ्या आवेशाने रंगवितो. परंतु वाल्मीकींच्या सुंदरकांडात मारुती खरा भ्यालेला दिसतो तो उड्डाणानंतर, लंकेत. रावणाचे अंतःपुर धुंडाळूनही सीता आढळत नाही. ‘अनिर्वेद’, म्हणजे न खचणे, हेच श्रेयाचे मूळ, असे स्वतःस बजावून तो पुनश्च शोध करतो, तोही व्यर्थ! रिक्तहस्ते परतावे, तर श्रीराम प्राण ठेवणार नाहीत. त्यांच्यामागे लक्ष्मण, भरत, सुग्रीव... त्यापेक्षा परतूच नये, देहच ठेवावा, असे त्या महावीराच्या मनात येते. इतक्यात न धुंडाळलेली अशोकवनिका दृष्टीस पडते. देवांना वंदून तो तिच्या तटावर झेपावतो. झेप लहानच, पण आख्यानात मी हल्ली तेथेच अधिक थबकतो.