लडाखची सहल आणि पेटीतलं कार्ड

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायांनी अडीच वर्षं दर महिन्याला हजार-हजार रुपये वेगळे टाकले, तेव्हा कुठे लडाख ठरलं. त्याआधीच्या आमच्या सहली म्हणजे बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि एकदा अजिंठा-वेरूळ. यंदा टेलर काकूंनी विहारातल्या बैठकीत हात वर करून सांगितलं, "सिस्टर, गुडघे चालतात तोवर एकदा बर्फ दाखवा." एकूण २३ जण, दोन टेम्पो ट्रॅव्हलर, आणि नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना निघायचं, म्हणजे जून. मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. त्यामुळे तब्येतीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

सहल कंपनीने पहिल्यांदा जो कार्यक्रम दिला तो पाहूनच मी नाही म्हटलं. दिल्लीहून सकाळच्या विमानाने लेह, त्याच दुपारी शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी खर्दुंगला ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग. कागदावर छान दिसतं आणि दिवस वाचतात. पण नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. लेहच्या हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात जो प्राणवायू आपल्याला इथे मिळतो त्याचा साधारण दोन तृतीयांशच तिथे मिळतो. खर्दुंगला ५,३०० मीटरच्या वर, तिथे जवळजवळ अर्धाच. शरीर याची सवय करून घेतं, फक्त त्याला वेळ लागतो. डॉक्टर मंडळींचा साधा हिशेब असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर, रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसती विश्रांती घ्यावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलं तर चालतं.

म्हणून आम्ही रस्त्याने गेलो. जम्मूपर्यंत रेल्वे, तिथून श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), मग सोनमर्ग, झोजीला, द्रास करत कारगिलला मुक्काम (सुमारे २,७०० मीटर). दोन दिवस जास्त लागले, चार जणींनी कुरकुर केली. पण झोजीलाच्या वळणावर रस्त्याच्या कडेला बर्फाची भिंत उभी होती, आणि टेलर काकूंनी गाडीतून उतरून तिला दोन्ही हात लावले तेव्हा ती कुरकुर थांबली.

कारगिलच्या पुढे डोंगरांचा रंगच बदलतो. झाड नाही, गवत नाही, नुसती पिवळी-तांबडी माती आणि वर निळं आभाळ. फोटूला ही त्या रस्त्यावरची सर्वात उंच खिंड, ४,१०८ मीटर. ती ओलांडली की लामायुरूचा गोंपा दिसतो, मातीच्या सुळक्यांवर घरटं बांधावं तसा. त्या रात्री आम्ही आल्चीला राहिलो. तिथलं मंदिर जवळपास हजार वर्षांचं, आतल्या भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची चित्रं आहेत, आणि अजिंठा पाहिलेल्या आमच्या बाया बॅटरीच्या उजेडात कितीतरी वेळ गप्प उभ्या राहिल्या. आमचे लडाखी ड्रायव्हर भाऊ भेटेल त्याला "जुले" म्हणत. दुसऱ्या दिवशी आमच्या आजी त्यांना जुले म्हणू लागल्या आणि ते आजींना जय भीम. आल्ची साधारण ३,१०० मीटरवर आहे. लेहच्या आधीची ती एक रात्र फार उपयोगाची ठरली.

लेहमध्ये दोन दिवस मी कुणाला पळू दिलं नाही. शांती स्तूपाला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आम्ही गाडीने वर गेलो. ठिकसेच्या गोंपातली दोन मजली उंच मैत्रेयाची मूर्ती पाहिली, तिथेही दर वीस पायऱ्यांवर बसत. सात-आठ जणांना डोकेदुखी, दोघींना मळमळ, एकीची झोप उडाली. एवढं होतंच. त्याला घाबरायचं नाही, पण त्याच्यावर आणखी वरही चढायचं नाही. डोकं उतरेपर्यंत आहे तिथेच थांबायचं. ज्यांना बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळे पडतात, त्यांच्या फुप्फुसात पाणी भरत असतं. जो बरळतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, त्याच्या मेंदूला सूज येत असते. फरशीच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट पाहू नका. या दोन्हींत ऑक्सिजन आणि ताबडतोब खाली उतरणं, हेच औषध. रात्र असली तरी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगताना माझीच चूक आधी सांगावी लागेल.

निघण्याआधी मी सर्वांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. बीपी, शुगर, दमा, हृदयविकार, फिट, ऑपरेशन, गरोदरपण, सल्फाच्या औषधाची ॲलर्जी, सगळं विचारलं. सिकलसेल विचारलं नाही. विदर्भात आयुष्यभर नोकरी केली, सिकलसेलच्या लेकरांना रात्र-रात्र सलाईन लावले, आणि फॉर्ममध्ये तो रकानाच नाही! माझ्या डोक्यात होतं की सिकलचा पेशंट ओळखू येतोच. पेशंट येतो, वाहक येत नाही.

खर्दुंगलाच्या दिवशी आमच्यातला सर्वात धडधाकट म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस वहिनींचा मुलगा. चोवीस वर्षांचा, कुरिअरचं काम करतो, रविवारी कबड्डी. लेहमध्ये सगळे डोकं धरून बसले तेव्हा हाच सर्वांच्या बॅगा उचलत होता. वर पोचल्यावर तो पताका लावलेल्या टेकाडावर धावतच चढला. पुढे ट्रक अडकल्याने आमची गाडी तिथेच पाऊण तास उभी. तो परत आला तो डाव्या बरगडीखाली हात दाबून.

"काय झालं रे?"

"काही नाही मावशी, गॅस असंन. सकाळी पराठे खाल्ले ना."

दहा मिनिटांत तो दुमडला. उलटी झाली. दुखणं डाव्या खांद्यापर्यंत जाऊ लागलं. डोकं दुखत नव्हतं, धाप नव्हती, बोलणं शुद्ध. हे उंचीचं नेहमीचं दुखणं नव्हे एवढं मला कळलं. पोटाच्या त्या कोपऱ्यात काय असतं? प्लीहा. माझ्या अंगातून गार पाणी गेलं. मी वहिनींना बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, "याची सिकलची तपासणी कधी झाली होती?"

वहिनी रडायलाच लागल्या. "शाळेत झाली होती सिस्टर. नववीत. एएस निघाला. कार्ड हाय घरी, पेटीत, टीसीच्या खाली. पोट्ट्याले बी नाही सांगतलं. लग्नाचं पाहून रायलो ना आता. कार्ड दिसलं का लोकं मागं सरकतात."

कंपनीने गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर दिला होता. उघडला तर काटा शून्यावर. पावतीवर त्याचे पैसे वेगळे लावलेले होते. शेवटी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्यांचा सिलिंडर काढून दिला. ते कुठले होते हेसुद्धा आम्ही विचारलं नाही. मग प्रश्न आला, उतरायचं कोणत्या बाजूला. नुब्रातलं डिस्किट लेहपेक्षाही खालच्या उंचीवर आहे, पण लेह ४० किलोमीटरवर आणि तिथे सोनोग्राफी. ड्रायव्हर भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी मागे वळवली.

लेहच्या सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी झाली. प्लीहेच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. ऑक्सिजन, सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, पूर्ण आराम. ऑपरेशन लागलं नाही, बहुतेकांना लागत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला विमानाने खाली न्यायला परवानगी दिली. वहिनींना विमानाची भीती वाटत होती, की ते तर अजूनच उंच जाणार. पण प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब वाढवलेला असतो. आतली हवा साधारण २,४०० मीटरच्या डोंगरावर असते तशी, म्हणजे लेहमधल्या खाटेपेक्षा त्याला विमानातच जास्त प्राणवायू मिळणार होता. बाकीचे पँगाँगला गेले, जायलाच हवं होतं, पैसे घामाचे होते. मी वहिनींबरोबर थांबले. निळं पाणी मी फक्त टेलर काकूंच्या मोबाइलवर पाहिलं.

सिकलसेल आपल्याला नवा नाही. विदर्भात आदिवासी समाजाइतकाच आपल्या समाजातही तो घरोघरी ऐकू येतो. तरी वाहक आणि ग्रस्त यांतला फरक अजून अनेकांना माहीत नसतो. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडूनच सदोष जनुक आलं तर माणूस वाहक, म्हणजे एएस. त्याला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. बहुतेक वाहक कबड्डी खेळतात, पोती उचलतात, आयुष्य पूर्ण जगतात. दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे ग्रस्त. त्यांनी एवढ्या उंचीवर जाऊच नये, लेहलासुद्धा. वाहकाच्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात, पण प्राणवायू फार कमी झाला, अंगातलं पाणी आटलं आणि वर धावपळ झाली, तर त्यातल्या काही विळ्यासारख्या वाकतात. प्लीहेत रक्त संथ वाहतं, म्हणून त्या तिथे अडकतात. सर्वच वाहकांना असं होत नाही, थोड्यांनाच होतं. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि झालं तर लोक गॅसची गोळी देऊन पुढे निघतात. वाहकाला उंचीवर डाव्या बरगडीखाली दुखलं तर तो गॅस नाही असं धरूनच खाली उतरा.

पाण्याचं बायांना खास सांगायचं आहे. त्या रस्त्यावर तासन् तास शौचालय नाही. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्याही प्यायल्या नाहीत. कोरड्या थंड हवेत नुसत्या श्वासातूनही पाणी जातं आणि तहान कळत नाही. दिवसाला तीन लिटर तरी पाणी पोटात गेलं पाहिजे, लघवी पिवळीजर्द दिसली तर कमी पडलं समजा. आम्ही मग एक उपाय काढला: दोन जुन्या साड्या आणि चार काठ्या गाडीत ठेवल्या, कुठेही आडोसा तयार. ड्रायव्हर भाऊ तेवढ्या वेळात दुसरीकडे तोंड करून टायर तपासत. पहिल्या दोन दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र बिलकुल नकोत.

डायमॉक्सच्या गोळीबद्दल सगळे विचारतात. सवय लवकर व्हायला ती मदत करते, चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात, बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना धोका असतो. शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये, आणि सिकलचं कार्ड असलेल्यांनी डॉक्टरांना कार्ड दाखवल्याशिवाय तर नाहीच. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या, टपावरच्या बॅगेत नको. इन्सुलिन गोठलं तर फेकून द्यायचं, कोमट करून टोचायचं नाही. हिमोग्लोबिन आठ-नऊवर असणाऱ्या बायांनी आधी ते वाढवावं आणि मग बर्फ पाहावा.

मुलगा आता बरा आहे, कबड्डीही सुरू झाली. नागपूरला आल्यावर त्यानेच धाकट्या बहिणीला तपासणीला नेलं. बोटातून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी टेस्ट, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस ते कळतं. बहीण निगेटिव्ह निघाली. वहिनींना मी वहीच्या पानावर आकृती काढून दाखवलं: वाहक आणि निगेटिव्ह यांचं लग्न झालं तर ग्रस्त मूल होत नाही, दोघंही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता. म्हणजे कार्ड लपवायचं नसतं, मुलीकडच्यांचंही मागायचं असतं. पुढच्या स्थळाकडे वहिनींनी स्वतःच विषय काढला. ते लोक मागे सरकले. त्याच्या पुढच्यांनी आपल्या मुलीचा रिपोर्ट आणून टेबलावर ठेवला. बोलणी चालू आहेत.

पुढच्या वर्षी दार्जिलिंग आणि गंगटोक ठरलं आहे. दार्जिलिंग साधारण २,००० मीटर, गंगटोक त्याहून खाली, तेव्हा सर्वांना झेपेल. नाथूला ४,३०० मीटरवर आहे, तिथे वाहकांनी जायचं नाही असं बैठकीत ठरलं; त्या दिवशी ते गंगटोकमध्येच फिरतील आणि त्यांचे नाथूलाचे पैसे परत मिळतील. सिलिंडरचा काटा निघण्याआधी दोन माणसं पाहतील आणि सही करतील. नवा फॉर्म तयार आहे, सिकलचा रकाना पहिलाच. फॉर्म विहाराच्या ऑफिसात संध्याकाळी वंदनेनंतर मिळेल, सोबत तपासणीच्या कागदाची झेरॉक्स लावावी. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी बुधवारी सकाळी माझ्याकडे यावं, आपण सोबतच दवाखान्यात जाऊ.