निरोप्या

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र वाटावा असा उद्योग केला. १८ ते ५५ वयाची २०१ धडधाकट माणसं जमवली, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि काही दिवस सगळ्यांना वेगळं ठेवून कोण आजारी पडतं ते पाहिलं. प्रत्येकाला लहानपणाविषयीही विचारलं होतं. आईवडील एकत्र राहायचे का? नसतील, तर एकमेकांशी बोलायचे का?

निष्कर्ष २०१७ साली छापून आले. ज्यांचे आईवडील वेगळे होऊन एकमेकांशी बोलेनासेही झाले होते, त्यांना सर्दी होण्याची शक्यता आईवडील एकत्र असलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघाली. वेगळे झाले, पण बोलत राहिले, अशांच्या मुलांत मात्र काही फरक दिसला नाही.

सर्दीच ती, चार दिवसांत जाते. पण आईवडिलांचा अबोला पोराच्या नाकात चाळिशीपर्यंत मुक्काम ठोकतो, हे वाचल्यावर मी ते पान लगेच उलटू शकलो नाही. संशोधकांना याची एक वाट सायटोकाइन नावाच्या रेणूंमधून जाताना दिसली. विषाणू शिरला की शरीर हे रेणू सोडतं आणि त्यातून दाह होतो. नाक वाहणं, घसा धरणं हा बराचसा त्या दाहाचाच प्रताप. अबोल्याच्या घरांतून आलेल्यांच्या शरीरात हे रेणू जास्त सुटत होते. जिथे पाण्याचा एक तांब्या पुरला असता, तिथे सगळी विहीर उपसायची, असा प्रकार.

आता हीच गोष्ट आपल्याकडच्या पेण-रोहा रेल्वेमार्गावर आणून बघू. समजा, आई पेणला माहेरी आली आहे आणि वडील रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. मध्ये चाळीसेक किलोमीटर. कासू गेलं, नागोठणे गेलं की रोहा आलंच. कोर्टाचा कागद बहुधा झालेलाच नाही. आपल्याकडे 'ती हल्ली माहेरीच असते' एवढ्या वाक्यात सगळं आटोपतं. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट होती. म्हणजे घटस्फोटांचे आकडे पाहून 'आपल्याकडे कुठे एवढं' म्हणणाऱ्याला बहुतेक मुलं दिसतच नाहीत.

अशा घरातलं पोर हळूहळू निरोप्या होतं. 'पप्पांना सांग, क्लासची फी राहिलीय.' 'आईला सांग, या शनिवारी जमणार नाही.' मोठी माणसं वाक्य सोडून देतात, त्यातला राग कोणाच्या तोंडाने कसा पोचवायचा हे मात्र नऊ वर्षांच्या मुलाला ठरवावं लागतं. थोडं गाळायचं, थोडं गोड करायचं. मराठीत निरोप म्हणजे संदेश आणि निरोप म्हणजे जाताना घेतात तोही. या मुलाला दर आठवड्याला दोन्ही करावे लागतात.

कायद्याची भाषाही मजेशीर आहे. जमिनीचा ताबा, तसाच मुलाचाही ताबा. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आणि पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहावं असं म्हटलं. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७व्या अहवालात दोघांनी मिळून सांभाळण्याची तरतूद करावी असं सुचवलं. शब्द मात्र अजून सातबाऱ्यावरचाच आहे.

घटस्फोट आणि मुलं या विषयाच्या संशोधनातलं सगळ्यात गाजलेलं नाव ज्युडिथ वॉलरस्टीन यांचं. १९७१पासून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ६० घटस्फोटित कुटुंबांतल्या १३१ मुलांचा पंचवीस वर्षं माग ठेवला. लहानपणी सावरलेली वाटणारी मुलं स्वतःच्या लग्नाची वेळ आली की बिचकतात, हे त्यांचं म्हणणं जगभर पोचलं. पण तुलनेसाठी आईवडील एकत्र असलेली मुलं सुरुवातीपासून घेतलेली नव्हती, शिवाय ही कुटुंबं समुपदेशनाच्या आमिषाने आली होती. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावाची तब्येत मोजावी, तसं ते झालं. नंतर मेव्हिस हेदरिंग्टन यांनी कितीतरी मोठ्या अभ्यासात पाहिलं, तेव्हा घटस्फोटित घरांतल्या चारातल्या सुमारे एका मुलाला गंभीर अडचणी होत्या. इतर घरांत हे प्रमाण दहातलं एक. धोका दुपटीहून जास्त खरा, तरीही चारातली तीन मुलं सावरली होती.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पॉल अमाटो आणि ॲलन बूथ यांचं काम. 'मुलांकडे बघून तरी दिवस काढ,' हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. ओटीवर बसलेली मंडळी तो देतात आणि चहा पिऊन निघून जातात. अमाटो-बूथ यांनी १९८०पासून सुमारे दोन हजार विवाहितांच्या मुलाखती वर्षानुवर्षं घेतल्या आणि पुढे त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांनाही गाठलं. जिथे रोजची भांडणं, आरडाओरड, हाणामारी होती, तिथे आईवडील वेगळे झाल्यावर मुलं पुढे जास्त बरी राहिली. तशाच घरात आईवडील एकत्र राहिले, तिथली मुलं खचली. उलट वरवर शांत असलेलं लग्न मोडलं, तिथे मुलांना जास्त फटका बसला. कारण उघड आहे. पहिल्या मुलाची रात्रीची धडधड थांबते. दुसऱ्याला मात्र काल जेवताना हसणारी माणसं आज दोन घरांत का, हे कळतच नाही, आणि कारण सापडलं नाही की मूल ते स्वतःत शोधतं.

सल्ला देणाऱ्यांनी म्हणूनच आधी घरात काय चाललंय ते विचारावं.

आणि आजोळ? हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं सगळं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं धडपणे उभी राहिली. त्यांच्या पाठीशी कोणीतरी एक भरवशाचं माणूस होतं आणि बऱ्याचदा ते आजी-आजोबा, मावशी किंवा शेजारी होतं. पेणच्या घरात आजी असेल, शाळेची वही बघणारा मामा असेल, तर ते पोर निम्मी लढाई घरातच जिंकतं. अट एवढीच, की आजीने जावयाचा उद्धार त्याच्या देखत करू नये. हे आजींना जड जातं.

खरी पंचाईत गणपतीत. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती गावोगाव जातात आणि चतुर्थीच्या सकाळी दोन्ही घरांना मूल आरतीला हवं असतं. मग कधी ठरतं, सकाळची आरती पेणला, दुपारनंतर रोहा. मामा त्याला गाडीत बसवून देतो. थोड्या वेळाने पेणच्या घरात फोन वाजतो आणि या वेळी तो आईच उचलते.

"बसला ना गाडीत?"

"हो. मोदकाचा डबा दिलाय. स्टेशनवर वेळेत या."

कोहेन यांच्या नोंदवहीत एवढंही 'बोलतात' या रकान्यात गेलं असतं.