निवडणुकीचे आंकडे आणि बातमीदाराची वही

निवडणुकीच्या निकालाची बातमी मतमोजणीच्या दिवशीं लिहिली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिची सिद्धता कित्येक आठवडे आधीं एका वहींत चाललेली असते. ती वही धड नसेल, तर खरा आंकडाही खोटी बातमी सांगतो.

रत्नागिरीचेंच उदाहरण घ्यावें. बॅ. नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ सालीं, आणि प्रा. मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत पांच वेळां, ज्या राजापूर मतदारसंघांतून लोकसभेवर गेले, तो आतां नकाशावर नाहीं. २००८ च्या पुनर्रचनेंत तो लोपला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ झाला. त्यांत चिपळूण, रत्नागिरी व राजापूर हे इकडचे, तर कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे तिकडचे विधानसभा मतदारसंघ मोडतात. दापोली व गुहागर रायगडाकडे गेले. तेव्हां २००४ चीं राजापूरचीं मतें २००९ च्या मतांशेजारीं मांडून अमुक पक्ष वाढला असें जो लिहील, तो दोन निराळ्या खळ्यांवरचें भात एकाच्याच नांवावर मांडतो.

नांवांची गतही तीच. श्री. विनायक राऊत २०१९ सालीं शिवसेनेचे उमेदवार होते. पक्षांत २०२२ सालीं फूट पडल्यावर २०२४ सालीं ते शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या पक्षातर्फे उभे राहिले. २००९ सालीं निवडून आलेले श्री. नीलेश राणे काँग्रेसचे, आणि २०२४ सालीं निवडून आलेले त्यांचे वडील श्री. नारायण राणे भारतीय जनता पक्षाचे. वहींत नुसतें 'राणे' एवढेंच टिपणाऱ्याची फजिती ठरलेली.

मतदानाच्या टक्क्यांत घाई अधिक नडते. सायंकाळीं कळतो तो टक्का तात्पुरता असतो. खरा हिशेब केंद्राध्यक्ष १७-क या नमुन्यांत भरतो व त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींस देतो. म्हणून प्रत्येक आंकड्यासमोर तो कोणीं व केव्हां दिला, हें लिहिलेंच पाहिजे. एरवीं दोन टक्क्यांतील फरक पाहून, लबाडी नसली तरी, वाचकास लबाडीचा वास येतो. २०२४ सालीं १९ व २६ एप्रिलच्या मतदानाचे अंतिम टक्के ३० एप्रिल रोजीं प्रसिद्ध झाले, आणि तो वाद पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला.

स्त्री-पुरुषांचे रकानेही वेगळे हवेत. २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११०० हून अधिक स्त्रिया आढळल्या. मुंबईची चाकरी हें त्याचें एक जुनें कारण. तेव्हां स्त्रियांचीं मतें संख्येनें अधिक पडलीं, एवढ्यावरून त्यांचा उत्साह अधिक असें ठरत नाहीं. यादींतील त्यांच्या संख्येशीं प्रमाण काढावें लागतें.

४ जून २०२४ रोजीं श्री. नारायण राणे ४७,८५८ मतांनीं विजयी झाले. पण रत्नागिरी जिल्ह्यांतील तिन्ही विधानसभा मतदारसंघांत आघाडी श्री. राऊत यांची होती. सिंधुदुर्गांतील तिहींनीं पारडें फिरविलें. एका बेरजेंत हें दिसत नाहीं. त्यासाठीं नमुना २० मधील केंद्रवार आंकडे उतरून घ्यावे लागतात. टपालीं मतें मात्र केंद्रांच्या बेरजेंत नसतात, तीं मागाहून निराळीं मिळवावीं लागतात. रात्रीं उशिरां बेरीज जुळेनाशी झाली, तर आधीं तेथेंच पाहावें.