वित्तीय नियोजन व अंदाजपत्रकासाठी वापरली जाणारी संगणकीय सॉफ्टवेअर : एक तुलनात्मक विवेचन

सारांश :
मोठ्या उद्योगसंस्थांमध्ये वार्षिक अंदाजपत्रक तयार करण्यासाठी स्प्रेडशीटबरोबरच स्वतंत्र नियोजन सॉफ्टवेअरचा वापर होतो. ओरॅकल हायपेरियन, आयबीएम प्लॅनिंग ॲनालिटिक्स, एसएपी, ॲनाप्लॅन व वर्कडे ॲडॅप्टिव्ह प्लॅनिंग ही त्यांतील प्रमुख नावे होत. प्रस्तुत लेखात या प्रणालींची जडणघडण स्पष्ट करून त्यांची तुलना कोणत्या निकषांवर करावी याचे विवेचन केले आहे. या प्रणालींमधील खरा फरक आकडेमोडीच्या वेगात नसून, आकडा कोणी बदलावा, त्याचा परिणाम कोठवर पोहोचावा आणि बदलाची नोंद कशी राहावी या व्यवस्थेत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अंदाजपत्रक, वित्तीय नियोजन, स्प्रेडशीट, बहुमितीय रचना, बदलाची नोंद.

१. प्रस्तावना :
आगामी कालखंडातील उत्पन्न व खर्चाची आकड्यांत मांडलेली योजना म्हणजे अंदाजपत्रक होय. जेम्स मॅकिन्झी यांचा ‘बजेटरी कंट्रोल’ हा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या शतकात अंदाजपत्रकीय नियंत्रणाचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. आधी योजना करावी, नंतर प्रत्यक्षाशी तुलना करावी, तफावतीची कारणे शोधावीत आणि पुढील निर्णय घ्यावा, हाच त्याचा क्रम आहे. बदलले आहे ते साधन. कागदी तक्त्यांच्या जागी स्प्रेडशीट आली आणि मोठ्या संस्थांत तिच्या जोडीला नियोजन सॉफ्टवेअर आले.

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अध्यापनात अंदाजपत्रकाचे प्रकार विस्ताराने शिकविले जातात. परंतु ते ज्या साधनावर तयार होते त्याचा विचार अल्प प्रमाणात होतो. साधनाच्या रचनेचा निर्णयावर प्रत्यक्ष परिणाम होत असल्याने हा विषय अभ्यासणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे :
१) स्प्रेडशीटची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.
२) नियोजन सॉफ्टवेअरची बहुमितीय रचना समजावून देणे.
३) प्रमुख प्रणालींची निकषनिहाय तुलना करणे.
४) निवड करणाऱ्या संस्थेने घ्यावयाची दक्षता सूचित करणे.

प्रस्तुत विवेचन दुय्यम स्वरूपाच्या माहितीवर आधारित असून त्यातील आकडेमोडीची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली आहेत.

३. प्रश्नाचे स्वरूप : एक उदाहरण
पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. वर्षाला १०,००० पंपांची विक्री अपेक्षित आहे. प्रति पंप विक्री किंमत ६,००० रुपये, बदलता खर्च ३,५०० रुपये व वर्षाचा स्थिर खर्च २ कोटी रुपये आहे. म्हणजे विक्री ६ कोटी, बदलता खर्च ३.५० कोटी व नफा ५० लाख रुपये. विक्री विभागाने आपला अंदाज १० टक्क्यांनी घटवून ९,००० पंपांवर आणला, तर विक्री ५.४० कोटी, बदलता खर्च ३.१५ कोटी व नफा २५ लाख रुपये होतो. विक्रीत दहा टक्के घट झाली की नफा निम्म्यावर येतो.

आता समजा, विक्रीचा तक्ता विक्री विभागाकडे व खरेदीचा तक्ता उत्पादन विभागाकडे आहे आणि सुधारित आकडा दुसऱ्या तक्त्यात पोहोचलाच नाही. एकत्रित पत्रकात विक्री ५.४० कोटी व बदलता खर्च मात्र जुनाच, ३.५० कोटी, राहील. परिणामी २५ लाखांच्या नफ्याऐवजी १० लाखांचा तोटा दिसेल. या कागदावर विसंबून व्यवस्थापनाने भरती थांबविली अथवा कंत्राटी कामगार कमी केले, तर त्या निर्णयामागे बाजारातील मंदी नसून केवळ न जुळलेला एक तक्ता असेल. बेरीज कोठेही चुकलेली नसते, म्हणूनच अशी चूक सहसा लक्षात येत नाही.

४. स्प्रेडशीट : सामर्थ्य व मर्यादा
डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी निर्माण केलेली ‘व्हिजिकॅल्क’ ही स्प्रेडशीट १९७९ साली ॲपल-२ संगणकासाठी उपलब्ध झाली. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ व १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. लेखापालाला संगणक विभागावर अवलंबून न राहता स्वतःचे गणित स्वतः मांडता आले, हे स्प्रेडशीटचे मोठे योगदान होय. ती स्वस्त आहे, सर्वांच्या परिचयाची आहे आणि कोणत्याही कल्पनेला तत्काळ आकार देते.

परंतु ज्या मोकळीकीमुळे ती लोकप्रिय झाली तीच तिची मर्यादाही ठरते. प्रत्येक चौकटीत स्वतंत्र सूत्र असू शकते. सूत्राच्या जागी कोणीही थेट आकडा भरू शकतो. एकाच फाइलच्या अनेक प्रती फिरत राहतात. याचे परिणाम मोठ्या संस्थांनाही भोगावे लागले आहेत. फिडेलिटी मॅगेलन या अमेरिकन म्युच्युअल फंडाच्या बाबतीत १९९४ साली १.३ अब्ज डॉलरच्या निव्वळ भांडवली तोट्यापुढील उणे चिन्ह स्प्रेडशीटमध्ये उतरविताना सुटले व वितरणयोग्य रकमेचा अंदाज २.६ अब्ज डॉलरने फुगला. कॅनडातील ट्रान्सअल्टा या वीज कंपनीस २००३ साली निविदेच्या तक्त्यातील कापून चिकटविण्याच्या चुकीमुळे सुमारे २.४ कोटी डॉलरचा फटका बसला. दोन्ही ठिकाणी संस्था मोठ्या होत्या. परंतु चूक अडविणारी रचना साधनात नव्हती.

५. बहुमितीय रचना
या उणिवेवरील उपाय म्हणून बहुमितीय प्रणाली विकसित झाल्या. स्प्रेडशीटच्या एका पानावर आडव्या ओळी व उभे रकाने अशा दोनच मिती असतात. अंदाजपत्रकातील एका आकड्याला मात्र खर्चकेंद्र, लेखाशीर्ष, महिना, वर्ष व आवृत्ती अशी अनेक अंगे असतात. बहुमितीय प्रणालीत यांतील प्रत्येक अंग ही एक मिती मानली जाते आणि आकडा त्या सर्वांच्या छेदावर साठविला जातो. त्यामुळे तोच आकडा विभागवार, महिनावार वा शीर्षवार कसाही पाहता येतो. त्यासाठी निराळा तक्ता तयार करावा लागत नाही. अशा विश्लेषणासाठी ‘ओलॅप’ ही संज्ञा ई. एफ. कॉड यांच्या १९९३ मधील लेखनामुळे रूढ झाली.

या रचनेची तांत्रिक अडचण ‘विरलता’ ही आहे. २०० खर्चकेंद्रे, १५० लेखाशीर्षे, १२ महिने, ५ वर्षे व ३ आवृत्त्या धरल्यास ५४ लाख चौकटी होतात. त्यात ४० उत्पादनांची मिती वाढविली की हा आकडा २१.६० कोटींवर जातो. प्रत्यक्षात प्रत्येक केंद्र ३० शीर्षांखालीच खर्च करीत असेल आणि त्याचा संबंध दोनच उत्पादनांशी येत असेल, तर भरलेल्या चौकटी २१.६० लाख, म्हणजे शेकडा एक एवढ्याच असतील. उरलेल्या रिकाम्या चौकटींचे काय करावयाचे, या प्रश्नाला प्रत्येक प्रणालीने दिलेले उत्तर वेगळे आहे आणि तिचा स्वभाव बव्हंशी त्यावरून ठरतो.

६. प्रमुख प्रणाली
ओरॅकल हायपेरियन : हायपेरियन सॉफ्टवेअर व ‘एसबेस’ची निर्माती आर्बर सॉफ्टवेअर या कंपन्यांचे १९९८ मध्ये विलीनीकरण झाले व २००७ मध्ये ओरॅकलने हायपेरियन सुमारे ३.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. एसबेसच्या मूळ साठवण पद्धतीत दाट व विरळ मिती वेगळ्या ठरविल्या जातात व बेरजा प्रामुख्याने लिखित गणनक्रम चालवून केल्या जातात. मोठ्या समूहाच्या अंदाजपत्रकास ही रचना मानवते. मात्र मितींची मांडणी चुकल्यास गणनेचा वेळ झपाट्याने वाढतो. त्यामुळे प्रशिक्षित तज्ज्ञाची गरज भासते.

आयबीएम प्लॅनिंग ॲनालिटिक्स : हिचा गाभा ‘टीएम१’ हे १९८० च्या दशकात विकसित झालेले गणनयंत्र होय. ते २००७ मध्ये ॲप्लिक्सकडून कॉग्नॉसकडे व २००८ मध्ये कॉग्नॉससह आयबीएमकडे आले. यात माहिती संगणकाच्या स्मृतीत ठेवली जाते व बेरीज मागणीनुसार तत्काळ होते. रिकाम्या चौकटी वगळता याव्यात म्हणून कोणत्या चौकटींना मूल्य येणार आहे हे ‘फीडर’ नावाच्या सूचनांनी सांगावे लागते. फीडर अपुरे राहिल्यास बेरजेत काही मूल्ये येत नाहीत, तर अतिरेकी झाल्यास स्मृती भरून जाते. वेग मोठा असला तरी रचनाकाराची जबाबदारीही तेवढीच मोठी असते.

एसएपी : २००७ मध्ये आउटलुकसॉफ्ट ही कंपनी घेतल्यानंतर एसएपीचे ‘बीपीसी’ हे उत्पादन पुढे आले. एक्सेलच्या परिचित पडद्यावरून काम करता येणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे कंपनीने नियोजनासाठी ‘एसएपी ॲनालिटिक्स क्लाउड’वर भर दिला. ज्या संस्थेचे हिशेब आधीपासूनच एसएपीच्या ईआरपीमध्ये आहेत, तिला प्रत्यक्ष आकडे आणणे येथे तुलनेने सुलभ जाते.

ॲनाप्लॅन : २००६ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थापन झालेली व २०२२ पासून थोमा ब्राव्हो या गुंतवणूक संस्थेच्या मालकीची ही कंपनी पूर्णतः क्लाउडवर चालणारी प्रणाली पुरविते. येथे सूत्र प्रत्येक चौकटीत न लिहिता संपूर्ण बाबीसाठी एकदाच लिहिले जाते. त्यामुळे मधल्याच एखाद्या महिन्यातील सूत्र कोणी गुपचूप पुसून टाकले, ही स्प्रेडशीटमधील नेहमीची चूक येथे सहजी संभवत नाही. वित्त विभागातील व्यक्ती प्रशिक्षणानंतर स्वतः प्रतिमान उभारू शकते. मात्र, विभागागणिक प्रतिमाने वाढत गेल्यास स्प्रेडशीटच्या काळातील गोंधळ नव्या जागी उभा राहण्याचा धोका असतो.

वर्कडे ॲडॅप्टिव्ह प्लॅनिंग : २००३ साली स्थापन झालेली ॲडॅप्टिव्ह ही कंपनी वर्कडेने २०१८ मध्ये सुमारे १.५५ अब्ज डॉलरना घेतली. मध्यम आकाराच्या संस्थांत ही प्रणाली विशेष वापरली जाते. मनुष्यबळाच्या नोंदी व वेतनखर्चाचे नियोजन यांची सांगड हे तिचे बलस्थान होय.

७. तुलनेचे निकष
विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सुविधांची लांबलचक यादी असते व बहुतेक सर्व प्रणालींत त्या सुविधा ‘उपलब्ध’ असतात. त्यामुळे यादीवरून केलेली तुलना फारशी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारणे अधिक सयुक्तिक ठरते.

१) आकड्याचा प्रवास : विक्रीचा अंदाज बदलल्यास खरेदी, वेतन व रोख प्रवाहापर्यंत तो आपोआप पोहोचतो, की कोणी गणनक्रम चालवावा लागतो? वरील पंपांचे उदाहरण ही या निकषाची सोपी कसोटी होय.
२) बदलाची नोंद : कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला हे वर्षभरानंतर सांगता येते काय? भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची अशी नोंद अनिवार्य आहे. हा नियम लेखापुस्तकांसाठी आहे. तथापि, ज्या शिस्तीची अपेक्षा झालेल्या खर्चाबाबत केली जाते, ती होणाऱ्या खर्चाबाबतही असणे इष्ट होय.
३) प्रतिमानाची मालकी : रचनेत बदल करावयाचा झाल्यास तो वित्त विभाग करू शकतो, की दर वेळी बाहेरील सल्लागार बोलवावा लागतो?
४) संपूर्ण खर्च : परवाना शुल्काखेरीज उभारणी, प्रशिक्षण, जुन्या माहितीची साफसफाई व वार्षिक देखभाल यांचा हिशेब केला आहे काय?
५) बाहेर पडण्याची वाट : करार संपल्यावर माहिती व सूत्रे वाचनीय स्वरूपात परत मिळतात काय? वर उल्लेखिलेल्या बहुतेक प्रणालींची मालकी बदललेली असल्याने हा प्रश्न गौण नाही.

लहान संस्थांच्या बाबतीत यांपैकी एकही प्रणाली घेण्याची गरज नसणे शक्य आहे. टॅलीसारख्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये खाते वा गटनिहाय अंदाजपत्रक नोंदवून प्रत्यक्षाशी तफावत पाहता येते. एकाच कार्यालयातून चालणाऱ्या संस्थेस शिस्तबद्ध स्प्रेडशीट व ही सोय एवढे पुरेसे ठरू शकते.

८. सॉफ्टवेअर जे करू शकत नाही
अंदाजपत्रकातील काही दोष मात्र तांत्रिक नसतात. अंदाजपत्रकांचा माणसांवर होणारा परिणाम क्रिस आर्जिरिस यांनी १९५२ मध्येच दाखवून दिला होता. मायकेल जेन्सन यांनी २००१ मधील लेखात असे मांडले की, अंदाजपत्रकातील उद्दिष्टाशी बक्षीस जोडले की व्यवस्थापक खरी माहिती लपवू लागतो. कपात होणारच, या समजुतीने विभागप्रमुख मागणी फुगवितो. मागणी फुगविलेली असणारच, या समजुतीने वित्त विभाग ती कापतो. अशा वेळी उत्तम प्रणालीदेखील फुगविलेल्या आकड्यांची बिनचूक बेरीज करते. स्वीडनमधील स्वेन्स्का हान्डेल्सबँकेन या बँकेने १९७० च्या दशकात पारंपरिक अंदाजपत्रकच सोडून दिले. हा मार्ग सर्वांना अनुकरणीय नसला, तरी साधन निवडण्यापूर्वी प्रक्रिया तपासली पाहिजे हे त्यातून दिसते.

९. निष्कर्ष व सूचना
१) स्प्रेडशीट त्याज्य नाही, परंतु अनेक विभागांचे आकडे एकमेकांवर अवलंबून असतील तेथे ती एकटी पुरेशी ठरत नाही.
२) हायपेरियन व टीएम१ यांत गणनसामर्थ्य मोठे पण तज्ज्ञावलंबन अधिक आहे, ॲनाप्लॅन व ॲडॅप्टिव्ह यांत वित्त विभागाचे स्वावलंबन अधिक असले तरी प्रतिमानांवर देखरेख आवश्यक आहे, एसएपीची निवड बव्हंशी ईआरपीवरून ठरते.
३) निवडीपूर्वी संस्थेने स्वतःच्या मागील वर्षाची माहिती देऊन प्रात्यक्षिक मागावे. एक आकडा बदलावा, त्याचा परिणाम शेवटच्या पत्रकापर्यंत पाहावा आणि त्या बदलाची नोंद शोधून काढावी. विक्रेत्याने आणलेल्या नमुना माहितीवरील प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये.
४) अध्यापनात अंदाजपत्रकाच्या आकडेमोडीबरोबरच आकडा कोठून आला व तो कोणी बदलला हे तपासण्याचा सराव विद्यार्थ्यांना द्यावा.

अंदाजपत्रकातील प्रत्येक आकड्यामागे एखादे पद, एखादी खरेदी किंवा कोणाचे तरी वेतन असते. तो आकडा कोणाच्या निर्णयाने बदलला याचे उत्तर जी व्यवस्था देऊ शकते, तीच संस्थेच्या दृष्टीने योग्य प्रणाली होय.