शकुंतलेच्या पायातला काटा

दुखणे सांगितले जाते, पण तपासणीत काहीच सापडत नाही, असा अनुभव आपणा सर्व डॉक्टरांना आहे. राजा रविवर्म्याच्या शकुंतलेच्या पायातला काटा असाच आहे. काटा काढण्याच्या मिषाने ती थबकते व मागे वळून पाहते. चित्रात दुष्यंत कोठेच नाही. नाटक ठाऊक असणाऱ्यालाच त्या नजरेचे निदान होते.

जपानी काष्ठमुद्राचित्रांत या सूचक पद्धतीला ‘मितातेे’ म्हणत. कुनिसादासारखा (1786–1865) चित्रकार आपल्या काळच्या वेशातील सुंदरी रेखाटी आणि तिच्या पवित्र्यातून किंवा हातातील वस्तूतून काबुकी नाटकातील एखादा प्रवेश सुचवी. तो ओळखणे हा रसिकाचा आनंद. तेथे प्रत्येक रंगासाठी निराळा लाकडी ठसा असे. आपल्याकडे 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने शिळाछपाईने अशा चित्रसुंदरी घरोघर पोहोचविल्या.

आपल्या सीमाभागाला तर शकुंतला घरचीच. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांनी हीच शकुंतला साकारली. जपानात 1629 साली स्त्रियांना काबुकीची बंदी झाली. पुढे पुरुषच स्त्रीभूमिका करू लागले आणि त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण शहरातील स्त्रिया करीत. बालगंधर्वांच्या साड्या, अलंकार व गजरे यांबाबत मराठी घरांत तेच घडले.

मला विचारात पाडते ते हेच. नाटक पुरुषाने लिहिले, स्त्रीरूप पुरुषाने घेतले, चित्रही पुरुषाने काढले आणि स्त्रीने आरशासमोर त्या रूपाशी स्वतःला ताडून पाहिले. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या, तरी भिंतीवरची ती चित्रे पाहताना घरातील स्त्रीच्या मनात काय येत होते, याची नोंद फारशी कोणी केली नाही.

निपाणी-बेळगावच्या जुन्या घरांत व्हिजिटला जाताना अशी चित्रे मी पाहतो. काच तडकली की ती माळ्यावर जातात, नंतर रद्दीत. हिस्टरी घेतल्यावाचून आपण औषध लिहीत नाही. चित्र उतरविण्यापूर्वी घरातील आजींकडून त्याचीही हिस्टरी घ्यावी. ही सुंदरी कोण, कोणत्या नाटकातली आणि तिच्यासारखे दिसावे असे त्यांना कधी वाटले होते का, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे मात्र लिहून ठेवावीत.