माती मळा, पण धूळ टाळा

दिवसभर विड्या वळून दमलेल्या हातांनी संध्याकाळी माती कशाला मळायची? प्रश्न रास्त आहे. पण विड्या वळताना बोटे एकच हालचाल करत राहतात. मातीत तळहात, अंगठा, मनगट वेगवेगळे चालतात आणि मनही निवते.

ही कला आपल्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले. तेव्हा बौद्ध स्तूपाच्या अवशेषांसोबत जुनी खापरेही निघाली.

शिकायला चाक लागत नाही. मुठीएवढ्या गोळ्यात अंगठ्याने खळगा करावा आणि कडा चिमटीत दाबत फिरवावा, की वाटी होते. मोठ्या भांड्यासाठी मातीच्या वळ्या एकावर एक रचाव्यात. सांध्याला ओरखडे काढून पातळ चिखल लावावा, नाहीतर वाळताना तो उकलतो.

मनगट दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर घट्ट माती मळू नये, डॉक्टरांना दाखवावे.

खरा धोका वाळलेल्या मातीचा. तिच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि अशा रुग्णाला टीबीही लवकर जडतो. म्हणून वर्ग संपल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेले भांडे कोरडे घासू नका. मातीचे कपडे घरात, लेकरांजवळ झटकू नका. सरळ पाण्यात भिजवा. दम्याच्या रुग्णांनी अधिक जपावे.

चकचकीत लेपात शिसे असू शकते. ते नाही याची खात्री झाल्याशिवाय त्या भांड्यात जेवू नका.